कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९)

आपल्या धर्मशास्त्रात देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. देवाचा नवस देवालाच फेडावा लागतो. परंतु ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने, म्हणजे मिळालेले ज्ञान पुढच्यास देऊन फिटते. गडहिंग्लज ज्या कोल्हापूर जिल्ह्यात वसले आहे, त्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने हे ऋण आयुष्यभर फेडले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (ता. हातकणंगले) येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले व परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे स्वतःचे वसतिगृह त्यांना सोडावे लागले. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना काही काळ राजवाड्यावर आश्रय दिला. एवढे होऊनही ते मॅट्रिक झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९१४ साली याच कोल्हापुरात, डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे नाकारल्यामुळे त्यांना कारावास व छळ सोसावा लागला. दुसरा कोणी असता तर जुन्या उपकाराचा हिशेब तेथेच मिटला असे समजला असता. भाऊरावांनी तसे मानले नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२२ साली महाराज निवर्तले. ज्यांचे उपकार फेडावयाचे तेच राहिले नाहीत. आणि राजाला परत द्यावे तरी काय? भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात गोरगरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

खेड्यापाड्यांतील शेतकरी मूठमूठ धान्य देत, मुले कष्ट करून शिकत. तरीही कोठीतील धान्य संपे. अशा वेळी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने व अखेर मंगळसूत्रही मोडावयास दिले. त्या माउलीने कोणाही मुलाकडे त्याची परतफेड मागितली नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले.

१९५४ साली संस्थेने कऱ्हाड येथे महाविद्यालय सुरू केले, त्यास सद्गुरु गाडगे महाराजांचे नाव दिले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांनी देह ठेवला.