ॲमी जॉन्सन

ॲमी जॉन्सन (१ जुलै, १९०३ : किंग्स्टन अपॉन हल, इंग्लंड – ५ जानेवारी, १९४१ : टेम्स नदीचे मुख, इंग्लंड) या ब्रिटिश वैमानिक होत्या. मे १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान चालवत जाणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. हा प्रवास त्यांनी स्वतःच्या मालकीच्या, एका इंजिनाच्या लहान विमानातून केला. त्यांच्या धाडसाचीच चर्चा अधिक होते. मात्र आपल्या विमानाची देखभाल आणि दुरुस्ती स्वतः करण्याची त्यांची तयारी हा त्या धाडसाचा खरा आधार होता.

बालपण व शिक्षण

ॲमी या हल या बंदराच्या शहरातील मासळीचे व्यापारी जॉन विल्यम जॉन्सन यांच्या ज्येष्ठ कन्या. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्रासह पदवी घेतल्यानंतर त्या लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी करू लागल्या. १९२८ मध्ये त्या स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबात विमान चालवण्यास शिकू लागल्या. १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. क्लबाचे प्रमुख अभियंते जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी इंजिन उघडणे, साफ करणे, पुन्हा जोडणे ही कामे शिकून घेतली आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवला. हा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या ब्रिटिश महिला होत. कार्यशाळेत स्त्रीने काम करणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

‘जेसन’

वडील आणि वंगण तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्या आर्थिक साहाय्याने ॲमी यांनी ‘डी हॅविलँड जिप्सी मॉथ’ जातीचे जुने विमान सुमारे ६०० पौंडांस विकत घेतले. वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून त्यांनी त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. मॉथ या दुपंखी विमानाचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेले असत. त्याचे इंजिन सुमारे शंभर अश्वशक्तीचे होते. पंख मागे दुमडता येत असल्याने ते थोड्या जागेत ठेवता येई. खाजगी मालकांमध्ये हे विमान लोकप्रिय होण्याचे तेही एक कारण होते. लांबच्या पल्ल्यासाठी ‘जेसन’मध्ये जादा इंधनटाक्या बसवल्या होत्या, त्यांतील पेट्रोल उड्डाण चालू असताना हातपंपाने वर चढवावे लागे. विमानात रेडिओ नव्हता. मार्ग नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी नदी किंवा रेल्वेमार्ग यांवरून शोधावा लागे. एक जादा प्रोपेलर विमानाच्या अंगाला बांधून घेतला होता. ही सावधगिरी पुढे फार उपयोगी पडली.

ऑस्ट्रेलियाचा प्रवास

५ मे १९३० रोजी ॲमी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाल्या. तोपर्यंत त्यांचा एकूण उड्डाणानुभव शंभर तासांहूनही कमी होता. बर्ट हिंकलर यांनी १९२८ मध्ये केलेला साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडणे हा त्यांचा हेतू होता. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल आणि अलेप्पो येथे थांबत त्या बगदादकडे निघाल्या असता धुळीच्या वादळाने त्यांना वाळवंटात उतरण्यास भाग पाडले. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून त्यांनी चाकांना सामानाचा आधार दिला, इंजिन झाकले आणि पिस्तूल जवळ घेऊन वादळ शमण्याची वाट पाहिली. दिवसभराच्या उड्डाणानंतर रोज रात्री इंजिनाची देखभाल त्या स्वतः करीत. त्यामुळे झोप अगदी थोडी मिळे.

सहाव्या दिवशी त्या कराचीस पोहोचल्या. हिंकलर यांच्यापेक्षा त्या दोन दिवस पुढे होत्या. येथून अलाहाबादकडे जाताना इंधन कमी पडले आणि त्यांना झाशी येथे लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. पंखाची दुरुस्ती करून त्या कलकत्त्याकडे रवाना झाल्या.

विक्रम हातचा गेला तो ब्रह्मदेशात. मुसळधार पावसात रंगूनचे शर्यतीचे मैदान न सापडल्याने त्या जवळच्या इन्सेन येथे एका खेळाच्या मैदानावर उतरल्या. विमान खंदकात जाऊन पंख, चाकांचा सांगाडा आणि प्रोपेलर यांची मोडतोड झाली. तेथील तंत्रशिक्षण संस्थेतील मंडळी मदतीस धावली. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे सदरे तेथे कोणी शिवून घेतले होते. तेच सदरे उसवून पंखांवर चढवण्यात आले. बरोबरचा जादा प्रोपेलरही बसवला गेला. पुढे जावा बेटावर बांबूच्या खुंट्यांनी पंख फाटले, तेव्हा जखमेवर लावण्याच्या चिकटपट्टीने ती भोके बुजवली. अखेरीस तिमोर समुद्रावरील सुमारे ८०० किलोमीटरचा टप्पा ओलांडून २४ मे रोजी त्या डार्विन येथे उतरल्या. १८,००० किलोमीटरच्या या प्रवासास साडेएकोणीस दिवस लागले. विक्रम मोडला नाही, पण त्यांची कीर्ती जगभर झाली. त्यांना ‘सीबीई’ हा किताब देण्यात आला.

या यशाच्या भरात एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. देखभालीत काटेकोर असलेल्या ॲमी विमान उतरवण्यात तेवढ्या निष्णात नव्हत्या. डार्विननंतर पाचच दिवसांनी ब्रिस्बेन येथे त्यांचे विमान मैदानाबाहेर जाऊन उलटले. त्या सुदैवाने बचावल्या.

नंतरची उड्डाणे

जुलै १९३१ मध्ये हम्फ्रीज यांच्यासह त्या मॉस्कोमार्गे टोकियोस गेल्या. १९३२ मध्ये त्यांचा विवाह वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी त्यांनी लंडन–केपटाउन मार्गावरील पतीचाच विक्रम मोडला. १९३३ मध्ये दोघांनी वेल्सहून अटलांटिक ओलांडला. परंतु न्यूयॉर्क जवळ आले असता इंधन संपत येऊन कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे विमान कोसळले व दोघेही जखमी झाले. १९३४ च्या इंग्लंड–ऑस्ट्रेलिया शर्यतीत ते कराचीपर्यंत आघाडीवर होते. त्यानंतर रात्री वाट चुकून ते जबलपूरला उतरले. योग्य प्रतीचे इंधन तेथे नव्हते म्हणून मोटारीचे पेट्रोल भरले. ते इंजिनांना सोसले नाही आणि अलाहाबाद येथे त्यांना शर्यत सोडावी लागली. १९३८ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. १९३५ ते १९३७ या काळात ॲमी ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’च्या अध्यक्ष होत्या.

मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये त्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’ या संस्थेत दाखल झाल्या. लष्कराची विमाने एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवणे हे या संस्थेचे काम. ५ जानेवारी १९४१ रोजी ‘एअरस्पीड ऑक्सफर्ड’ विमान घेऊन त्या ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनकडे निघाल्या. हवा अत्यंत खराब होती. एक-दीड तासाच्या प्रवासाला निघालेल्या ॲमी सुमारे चार तासांनी, गंतव्य स्थानापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, हर्न बे गावाजवळ टेम्सच्या मुखात हवाईछत्रीने उतरल्या. ढगांवर वाट चुकून बहुधा इंधन संपले असावे. निश्चित कारणाबाबत आजही मतभेद आहेत. ‘हॅझलमिअर’ या जहाजाने त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली. तेही त्यात मृत्यू पावले. ॲमी यांचा मृतदेह सापडला नाही.

हल आणि हर्न बे येथे २०१६ मध्ये त्यांचे पुतळे उभारण्यात आले. ‘जेसन’ विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे.