शेठ वालचंद हिराचंद : कसबी मनुष्यबळाचे द्रष्टे शिल्पकार

भारतीय उद्योगक्षेत्राच्या इतिहासात शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव जहाज, विमान आणि मोटार या तीन गोष्टींशी कायमचे जोडले गेले आहे. ते योग्यही आहे. परंतु बारामती-इंदापूर परिसरातील जैन बांधवांना त्यांच्या चरित्राचे जे पान सर्वांत जवळचे वाटावे, ते कळंबच्या माळरानावर लिहिले गेले. ज्या भागात यंत्रावर काम करणारा माणूस औषधालाही सापडत नव्हता, त्या भागात असा माणूस घडावा आणि घडल्यावर त्याने तेथेच राहावे, याची सोय त्यांनी उभारलेल्या उद्योगाने केली. त्यांच्या इतर पराक्रमांच्या झगमगाटात हे कार्य काहीसे झाकोळून गेले आहे.

वालचंदशेठांचा जन्म दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतील वांकानेरचे, दिगंबर जैन, व्यापारउदीम करणारे. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले. सोलापुरात शालेय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. पण प्लेगच्या साथीने घरावर घाला घातला आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना वडिलोपार्जित व्यवसायात उतरावे लागले. कापूस आणि सावकारी यांत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत पूर्वी कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. सावकाराच्या मुलाने गिट्टी, मुरूम आणि मजुरांच्या हजेरीपटात लक्ष घालावे हे त्या काळच्या पेढीला रुचणारे नव्हते. तथापि ठेकेदारीने त्यांना एक गोष्ट शिकविली, ती म्हणजे माणसांची पारख. पूल किंवा बोगदा वेळेत पुरा होणे हे भांडवलाइतकेच गवंडी, सुरुंग लावणारा आणि मुकादम यांच्या हातावर अवलंबून असते. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदताना हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. कंपनी हिंदी, भांडवल हिंदी. परंतु जहाज चालविणारे अधिकारी प्रारंभी इंग्रजच होते, कारण त्या विद्येचे शिक्षण हिंदी तरुणास मिळण्याची सोयच नव्हती. १९२७ साली मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले, तेव्हा शिक्षणाचा प्रश्न सुटला. नोकरीचा मात्र सुटला नाही. परकीय कंपन्या या मुलांना घेण्यास नाखूष होत्या. सिंदियाने त्यांना आपल्या जहाजांवर घेतले, म्हणून डफरिनच्या शिक्षणाला अर्थ आला. शिकविणारी संस्था आणि कामावर घेणारा मालक यांची गाठ पडल्याशिवाय प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ कागद ठरतो, हे समुद्रावर जसे दिसले तसेच ते इंदापूरच्या कोरड्या माळावरही दिसणार होते.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघर येथे धरण बांधून नीरा डावा कालवा काढण्यात आला. त्याचे पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आले, ऊस आला, गुऱ्हाळे धूर ओकू लागली. १९१४ साली दौंड-बारामती ही लहान रेल्वेही धावू लागली. तरीही गूळ बाजारात पडत्या भावाने जाई आणि साखर जावाहून येई. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले आणि चित्र पालटले. नाशिक जिल्ह्यातील रावळगावी शेठजींनी आधीच मोठी शेती वसविली होती. तेथे कारखाना उभा राहिला, आणि कळंबजवळही १९३३-३४ च्या सुमारास दुसरा साखर उद्योग आकारास आला. मार्सलंड प्राइस ही १९०८ सालची कंपनी शेठजींच्या समूहाकडे आली होती. तिच्या नावाने हा उद्योग चालला. कारखान्याभोवती जे गाव वसले ते वालचंदनगर.

साखर कारखान्यास कोणकोणते कसब लागते याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा नसते. गव्हाणीत ऊस टाकण्यास अंगमेहनत पुरते. पण बॉयलरवर वाफेचा दाब राखणारा, मिलच्या रोलरची फट जुळविणारा फिटर, झिजलेला दांडा लेथवर चढविणारा टर्नर, भट्टीजवळचा मोल्डर, रसाची परीक्षा करणारा केमिस्ट ही सर्व निराळी माणसे. त्यांत पॅनमनचे काम तर जवळजवळ कलेचे. निर्वात पॅनमध्ये पाक किती आटला, दाणा धरला की नाही, हे तो काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, बोटांनी चाचपून ओळखतो. चुकला तर पॅनभर माल बिघडतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी कित्येक हंगाम उभे राहावे लागते.

आणि येथेच खरी अडचण होती. गळीत हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. उरलेले महिने कारखाना थंड. त्या काळात कसबी माणसास रजा दिली तर तो मुंबईची वाट धरणार, आणि पुढील हंगामात पुन्हा नवख्यापासून सुरुवात. उपाय कारखान्याच्या रचनेतच होता. हंगाम संपला की सर्व यंत्रे उघडून दुरुस्त करावयाची असतात, आणि हा दुरुस्तीचा काळ म्हणजेच गावच्या तरुणांची खरी शाळा. चालू यंत्राचे पोट कोणालाच दिसत नाही. ते उघडल्यावर दिसते. हाताखालचा मुलगा प्रथम पाने आणि तेलाचा डबा घेऊन उभा राहतो, मग नट सोडवितो, मग मापे घेतो, आणि काही वर्षांनी फिटर म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले तेव्हा कारखान्याच्या स्वतःच्या वर्कशॉपचे मोल अधिकच वाढले.

माणूस टिकावा म्हणून वर्कशॉप पुरेसे नसते. वालचंदनगरास कामगारांसाठी वसाहत, पाणी, दवाखाना, शाळा यांची व्यवस्था झाली. वर्धमान विद्यालयाचे नाव परिसरातील जैन कुटुंबांना सुपरिचित आहे. बाहेरून आलेला तंत्रज्ञ कुटुंबासह येथे राहू शकला आणि त्याच्या हाताखाली स्थानिक तरुण तयार होऊ शकला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली तिच्याशी या प्रयोगाचे नाते स्पष्ट आहे. अर्थात वसाहतीतील घर नोकरीशी बांधलेले असते. नोकरी संपली की घर सुटते, हा अशा सर्वच गावांचा उणा भाग होय.

दुसरी उणी बाजूही नमूद केली पाहिजे. कारखान्याच्या मळ्यांसाठी परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या मालकांकडे परत न जाता १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळण्यास एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. हे सर्व शेठजींच्या पश्चात घडले. पण ज्या घरांची जमीन गुंतून पडली त्यांच्या दृष्टीने वालचंदनगरचा इतिहास केवळ प्रगतीचा नाही.

शेठजींच्या पुढील कर्तृत्वाची केवळ नोंद घेऊ. १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान कारखाना लवकरच सरकारकडे गेला, पण तेथे शिकलेले हिंदी कारागीर देशाचे झाले. १४ मार्च १९४८ रोजी पं. नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' जहाजाचे जलावतरण झाले. १९५० च्या सुमारास प्रकृती ढासळल्याने ते व्यवसायातून निवृत्त झाले आणि दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात तंत्रशिक्षणाकडे कुटुंबाचे लक्ष राहिले. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीस सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली वालचंद हे नाव लाभले. सोलापुरातही त्यांच्या नावाने कला-शास्त्र आणि पुढे अभियांत्रिकी शिक्षणाची दालने उघडली. नीरा काठी मालेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने उभे राहिले, तेव्हा साखरेचे कसब या कालव्याकाठी आधीच रुजलेले होते. बारामतीत १९७२ साली विद्या प्रतिष्ठान आले, त्यानंतर औद्योगिक वसाहत बहरली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तर वर्कशॉपमधील उमेदवारीस देशभर कायद्याचे रूप दिले.

मळे महामंडळाकडे गेले, तरी वर्कशॉप राहिले. साखर कारखान्यांची यंत्रे, सिमेंटची यंत्रे, अणुऊर्जा प्रकल्पांची सामग्री असा त्याचा विस्तार होत गेला. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन जे प्रक्षेपक उडाले, त्याच्या एस-२०० बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातील याच गावी घडले होते.