काटा, तारामासा आणि पांढऱ्या पेशी

सेनगावच्या शिवारात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकते आणि दोन-तीन दिवसांत तिथे पू धरतो. हा पू म्हणजे नेमके काय, याचा उलगडा दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही झालेला नव्हता. पुवात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात जंतू दिसतात, एवढे माहीत होते. पण या पेशी जंतूंना आसरा देतात आणि शरीरभर पसरवतात, असाच बहुतेकांचा समज होता. तो समज मोडला तो समुद्रातल्या एका इवल्याशा जिवामुळे, तोही एका घराच्या बैठकीच्या खोलीत. ते घर होते इल्या मेचनिकॉफ यांचे.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यातला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा सारा ओढा समुद्री जिवांकडे होता. नेपल्सच्या किनाऱ्यावर त्यांनी अशा प्राण्यांच्या अंड्यांपासून पिल्ले कशी घडतात, याचा अभ्यास केला. पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

घरात मात्र आजारपण ठाण मांडून होते. १८६९ मध्ये लग्न झाले, तेव्हा पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. १८७३ मध्ये ती गेली. दुसरी पत्नी ओल्गा हिलाही काही वर्षांनी विषमज्वराने गाठले. ती मरणाच्या दारातून परत आली. या काळात मेचनिकॉफ यांनी निराशेच्या भरात दोनदा जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते वाचले. १८८२ मध्ये विद्यापीठातल्या राजकीय गोंधळाला कंटाळून त्यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिली बेटावरील मेसिना या बंदराच्या गावी मुक्काम हलवला.

तिथे बैठकीची खोली हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. समोरचा धक्का ओलांडला की कोळी भेटत आणि जाळ्यात आलेले हवे ते जीव देत. नाताळच्या सुमारास एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पिल्ले न्याहाळत बसले होते. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत फिरणाऱ्या पेशी उघड दिसतात. पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की या भटक्या पेशी शरीराचे रक्षण तर करत नसतील? तसे असेल, तर बाहेरून काही टोचल्यावर त्या तिथे जमायला हव्यात. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत. म्हणजे लाली, सूज यांच्याआधीची मूळ गोष्ट ही पेशींची धाव आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या पेशींना पुढे ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळाले.

तारामाशाचा सख्खा भाऊबंद म्हणजे सागरी अर्चिन, अंगभर काटे असलेला गोल प्राणी. त्याच्या कवचाच्या आत जो द्रव असतो, त्याचा खारेपणा भोवतालच्या समुद्राइतकाच असतो आणि त्यातच त्याच्या भक्षक पेशी फिरतात. आज शहरांतली काही हौशी मंडळी घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात अर्चिन पाळतात. तो नाजूक का, याचे उत्तर या द्रवात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतले पाणी उडून ते जास्त खारट झाले किंवा एकदम गोडे पाणी ओतले, तर बदल थेट प्राण्याच्या पोटात पोचतो. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध टाकीत घातले, तरी अर्चिन दगावतो. काटे गळू लागले, की आधी पाणी तपासावे लागते. २००६ मध्ये जांभळ्या अर्चिनचा संपूर्ण जनुकसंच जाहीर झाला, तेव्हा त्यात जंतू ओळखणाऱ्या एका कुळातली २२२ जनुके सापडली. माणसात त्या कुळातली जेमतेम दहा आहेत. मेचनिकॉफ यांनी योग्य कुटुंबाचे दार ठोठावले होते.

सगळ्यांना ही कल्पना पटली नाही. जर्मनीतील अनेक संशोधकांच्या मते संरक्षण रक्तातल्या द्रवाकडून होत होते, पेशी फक्त मागून सफाई करत. मेचनिकॉफ यांनी गोड्या पाण्यातल्या डॅफ्निया या बारीक जिवाला बुरशीचा रोग होताना पाहिला आणि पेशींनी बुरशी गिळली तर तो जगतो, हे दाखवले. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि रक्तद्रवाच्या बाजूचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोघेही बरोबर होते: प्रतिपिंडे आणि पेशी मिळूनच काम करतात.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा जुळतो तो शिष्यामुळे. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेले वॉल्देमार हाफकिन पाश्चर संस्थेमार्गे भारतात आले. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

उतारवयात मेचनिकॉफ दह्याकडे वळले. आतड्यातल्या कुजणाऱ्या जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेले दूध ते लांबवते, असे त्यांचे मत होते. दही-ताक चांगलेच, पण त्याने आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले नाही. आतड्यातल्या जंतूंचा आरोग्याशी संबंध असतो, हा त्यांचा मुद्दा मात्र आज गांभीर्याने अभ्यासला जातो. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पेशींचा ढीग, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळले. या पेशींना मदत करणे आपल्या हाती आहे. काटा मोडल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. चुना, तंबाखू, माती लावू नये. धनुर्वाताच्या जंतूचे विष भक्षक पेशींना आवरत नाही, त्यासाठी प्रतिपिंडेच लागतात. म्हणून मागचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल, तर सरकारी दवाखान्यात टीडीचे इंजेक्शन घ्यावे. मधुमेहात साखर वाढलेली असली, की भक्षक पेशी मंदावतात आणि पायाची संवेदनाही कमी झालेली असते. अशा माणसाने काटा लहान म्हणून घरी न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवावा.