विनोबांची 'गीताई' आणि सोप्या भाषेचं टेस्टिंग

माझा मावसभाऊ रोह्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला डिस्लेक्सिया आहे. सर्किट झटकन जोडतो, पण पुस्तकातला लांब परिच्छेद वाचताना अडकतो. म्हणून आम्ही एआयकडून त्याच्या नोट्स सोप्या करून घेतो. हे करताना मला पेण तालुक्यातले विनोबा आठवतात.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी झाला. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे ते बडोद्याला शिकले. गणित त्यांचं आवडतं, पण परीक्षेच्या चौकटीत मन रमलं नाही. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले.

आई रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं आणि वामन पंडितांचं मराठी भाषांतरही जड जात होतं. मग तूच सोपी करून दे, असं त्यांनी मुलालाच सांगितलं. १९१८ मध्ये आई गेली. विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली ती १९३० मध्ये, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पूर्ण केली. आईला ती वाचायला मिळालीच नाही.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला पुढची गोष्ट जास्त भावते. लिहून झाल्यावर विनोबांनी ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवली. ती जिथे अडली, तिथले शब्द बदलले. आमच्या भाषेत हे युजर टेस्टिंगच!

एआय हेच काम काही सेकंदांत करतं, त्यामुळे भावाला बारा वर्षं थांबावं लागत नाही. पण एकदा ओहमचा नियम सोपा करताना 'तापमान स्थिर असेल तर' ही अटच गळाली. वाक्य सोपं झालं, पण नियम अर्धाच उरला. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो: मूळ मजकूर शेजारी ठेवायचा, अटी आणि एकके जशीच्या तशी ठेवायला सांगायचं, आणि शेवटी भावाने ते स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाचा समावेश आहे, त्यामुळे सवलती मागायला संकोच नको. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा पवनारला गेले. पण सोपं झालं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं, ही त्यांची रीत आजही लागू पडते. तुमच्या घरी कुणी असं अडत असेल, तर आज एकच पान घेऊन करून बघा.