केळुसकर गुरुजी : माया केली ती चारचौघांत

बाबासाहेबांच्या हाती बुद्धचरित्र ठेवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी आपल्याला नावानं ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १८६० सालचा, वेंगुर्ल्याकडच्या केळूस गावचा. मुंबईत ते विल्सन हायस्कूलमध्ये मास्तर होते.

चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसलेला भीमराव त्यांच्या नजरेस पडला. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, म्हणजे त्यांच्या वर्गातलाही नव्हे. तरी त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तकं दिली. भेट झाली ती लोकांच्या येण्याजाण्याच्या बागेत, आणि रामजीबाबांशीही गुरुजींचा स्नेह होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला, तिथे गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भरसभेत भेट दिलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची ओढाताण झाली, तेव्हा त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९३४ साली गुरुजी गेले.

या चरित्रातून आम्ही एक गोष्ट घेतो. गुरुजींनी विद्यार्थ्यावर माया केली ती वडिलांना माहीत असताना, चारचौघांदेखत. आज आपली पोरं-पोरी शिकवणीला जातात. मास्तरांचा मान जरूर ठेवावा. पण घरी सांगू नको म्हणून कुणी वस्तू देत असेल, पोरीला एकटीलाच थांबवून घेत असेल, तर आईबापांनी विचारलंच पाहिजे. त्यात गुरूचा अपमान नाही. चांगल्या मास्तरांना असं विचारल्याचा राग येत नाही.

जय भीम!