डॉ. भाऊ दाजी आणि कडू कवठीचं तेल

मुंबईला गेलो की राणीच्या बागेजवळचं म्युझियम आपण बघतो. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. पण हे भाऊ मुळात डॉक्टर होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

भाऊंचा जन्म १८२२ चा, गोव्यातल्या मांद्रे गावचा. बुद्धिबळातली त्यांची चमक पाहून एका इंग्रजाने वडिलांना सांगितलं, पोराला इंग्रजी शिकवा. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच बॅचमधून १८५१ साली ते डॉक्टर झाले. गोरगरिबांना त्यांनी फुकट औषधं दिली. दोनदा मुंबईचे शेरीफही झाले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय. आमच्यातल्या काहींना झाडपाला म्हणजे अडाणीपणा वाटतो, तर काहींना जुनं ते सगळं सोनं वाटतं. भाऊंचं तसं नव्हतं. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यातली औषधं ते स्वतः पारखून बघत. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांचं तेल वापरलं. १८७४ मध्ये भाऊ गेले. पण याच जातीच्या झाडांचं तेल पुढे १९४० पर्यंत जगभर या रोगाचं मुख्य औषध होतं. गुण सगळ्यांना येत नसे, पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

मग डॅप्सोनची गोळी आली. स्वस्त आणि जास्त गुणकारी. वर्षानुवर्षं ही एकटीच गोळी दिली गेली आणि १९६४ मध्ये सिद्ध झालं की काही जंतू तिला दाद देईनासे झालेत. शेवटी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र द्यायला सांगितलं. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत, बॅकअप!

आमच्या परभणीकडे ताप आला की लोक मेडिकलमधून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणतात. बरं वाटलं की बंद. कुणी मध्येच गोळ्या सोडून काढा सुरू करतं. अर्धवट मारलेले जंतूच पुढे डोईजड होतात. काढ्याला माझा विरोध नाही, पण भाऊंसारखी त्याची परीक्षा घ्या. आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स त्यांना न विचारता सोडू नका. नवी औषधं रोज सापडत नाहीत; आहेत ती तरी टिकवूया.