ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

एखाद्या राजवंशाची वंशावळ अथवा एखाद्या ग्रंथाचा काळ पाहावयाचा असला की विद्यार्थी वाचनालयात जातो, कोश उघडतो आणि पाच मिनिटांत उत्तर घेऊन परततो. ही सोय मराठी वाचकाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर करून देणारे पुरुष म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. चांदूर बाजारच्या वाचकांनी त्यांचे स्मरण विशेष आपुलकीने करावे, कारण या ज्ञानतपस्व्याचे शालेय शिक्षण आपल्या अमरावतीत झाले.

दि. २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर (आजचे छत्तीसगड) येथे त्यांचा जन्म झाला. अमरावतीनंतर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकून १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले. भारतातील जातिसंस्थेचा इतिहास हा अभ्यासविषय घेऊन १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. स्वदेशी परतल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. पदवी व कीर्ती असताना स्थिर नोकरीत त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. परंतु इंग्रजी न जाणणाऱ्या मराठी माणसास जगाचा इतिहास व शास्त्रे स्वभाषेत मिळावीत, या ध्यासाने त्यांनी वेगळी वाट धरली. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ मध्येच निघाला होता. पण सर्व विषयांना कवेत घेणारा कोश मराठीत नव्हता.

कोशाचा व्यवहार कठीण असतो. कागद, खिळे, छपाई व लेखकांचे वेतन यांचा खर्च आधी, आणि विक्री मात्र पुष्कळ नंतर. अशा कामी एखाद्या संस्थानिकाच्या कृपेवर विसंबून न राहता केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी स्थापन केली. भागभांडवल उभे केले, वर्गणीदार मिळविले. म्हणजे हा ग्रंथ एका धनिकाचा नव्हे, तर असंख्य सामान्य मराठी माणसांच्या पैशाचा झाला. पुढे कार्यालय पुण्यास नेले. बारा वर्षांच्या या उद्योगाचा वृत्तांतही त्यांनी स्वतः लिहून ठेवला.

१९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि ते दशक संपण्यापूर्वी २३ खंड पूर्ण झाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड. त्यांत वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग व विज्ञानेतिहास असे विषय आहेत. पुढील १६ खंडांत अकारविल्हे नोंदी, बाविसावा सूचीचा व तेविसावा हिंदुस्थानचा.

१९२० मध्येच त्यांचा विवाह जर्मन विदुषी एडिथ कोहन यांच्याशी झाला. त्याच शीलावती केतकर. विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. त्याचा १९३३ चा दुसरा खंड बौद्ध व जैन वाङ्मयावर असून जैन साहित्याच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे.

कोशाने केतकरांना कीर्ती दिली, संपत्ती दिली नाही. १९३१ च्या हैदराबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, कादंबऱ्या लिहिल्या, १९३५ मध्ये प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचा सातवाहन पर्व हा भाग प्रसिद्ध केला. पण अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. दि. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध करून ती परंपरा पुढे नेली.

काळाबरोबर कोशही जुना होतो. ज्ञानकोशातील बुद्धपूर्व जगाचे विवेचन लिहिले गेले तेव्हा सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर व्हावयाचा होता. तो १९२४ मध्ये जाहीर झाला. म्हणून वाचनालयात ज्ञानकोशाशेजारी मराठी विश्वकोशही असावा, आणि विद्यार्थ्याने दोन्ही पडताळून पाहावेत. संदर्भग्रंथ महाग असतात. एकट्या विद्यार्थ्यास ते परवडत नाहीत. ते वाचनालयास देणे हेही ज्ञानदानच होय. मात्र दिलेले ग्रंथ कुलूपबंद कपाटात न राहता विद्यार्थ्याच्या हाती पडावेत. ज्या पुरुषाने त्यासाठी आपले सर्वस्व वेचले, त्याचे खरे स्मारक तेच ठरेल.